शेजारच्या विहारात पाहुणे म्हणून



बुद्धमूर्ती पाहायला आपण कोठे कोठे जातो! अजिंठ्याची सहल होते, कोणी कान्हेरीला जाऊन येतो. आपल्याच जिल्ह्यात, दापोली तालुक्यात, पन्हाळेकाजीला २९ लेणी आहेत. त्यातली जुनी बौद्धांची. पाहुणे आले की त्यांना थिबा पॅलेस दाखवतो. ब्रह्मदेशाच्या या बौद्ध राजाला इंग्रजांनी १८८६ मध्ये रत्नागिरीत आणून ठेवले आणि १९१६ मध्ये तो इथेच वारला. अशा ठिकाणी आपण हळू बोलतो, मुलांना गप्प करतो. हा प्रवाशाचा आदर. तो सोपा असतो, कारण तिथे आपल्याला ओळखणारे कोणी नसते.

बौद्धवाडीतल्या विहाराचे तसे नाही. तिथे बुद्धांच्या शेजारी डॉ. बाबासाहेबांची तसबीर असते. त्यांचे मूळ गाव आंबडवेही आपल्याच जिल्ह्यातले, मंडणगड तालुक्यातले. आणि समोर बसलेली माणसे आपल्या ऑफिसातली, मुलांच्या शाळेतली. त्यांच्यापैकी कोणी वैशाखी पौर्णिमेला खिरीला बोलावले, तर ख्रिस्ती माणसाने जावे का?

जावे, असे आम्हाला वाटते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी इतर धर्मांविषयी जाहीरनामा काढला, त्यात बौद्ध धर्माचा नावानिशी आदराने उल्लेख आहे. पोप फ्रान्सिस २०१९ मध्ये बँकॉकच्या विहारात संघराजांना भेटले, तेव्हा त्यांनी पायातले बूट काढून ठेवले होते. चपला बाहेर काढाव्यात, खाली बसावे, मूर्तीकडे पाय पसरू नयेत. खीरही खावी. अशा आमंत्रणाला गेल्यावर पानात वाढलेले शंका न काढता खा, असे संत पौलाने करिंथकरांना सांगूनच ठेवले आहे.

अडते ते पुढे. वंदना सुरू होते, सगळे त्रिशरण म्हणू लागतात. आपण एकटेच वेगळे दिसू नये म्हणून ओठ हलवावेत का? आमचे मत, नाही. ते शब्द शरण जाण्याचे आहेत. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखो लोकांनी ते उच्चारले आणि त्याची किंमतही मोजली. धर्म बदलला म्हणून अनुसूचित जातींच्या केंद्राच्या सवलती गेल्या, त्या परत मिळायला १९९० साल उजाडले. (आपले दलित ख्रिस्ती बांधव अजूनही त्या यादीबाहेरच आहेत.) असे शब्द आपण केवळ संकोचापोटी पुटपुटले, तर त्यांचा मान राहत नाही. आपल्या मिस्सेत कोणी पाहुणा सहज कम्युनियनच्या रांगेत उभा राहिला, तर आपल्याला काय वाटेल? हात जोडून शांत बसणे पुरे.

मान लववावी की नाही, याचा मात्र फार काथ्याकूट करू नये. राजाबरोबर रिम्मोनच्या देवळात वाकावे लागेल, म्हणून नामानाने अलीशाकडे आधीच क्षमा मागितली होती. संदेष्ट्याने त्याला नियम सांगितले नाहीत, शांतीने जा एवढेच म्हटले.

अनादर खरा होतो तो खिरीची वाटी हातात असताना. आडनाव ऐकून ‘म्हणजे तुम्ही पूर्वीचे कोण?’ असे कोणी विचारतो. ज्या प्रश्नातून सुटण्यासाठी त्यांच्या आजोबांनी दीक्षा घेतली, तोच प्रश्न. आपल्या समाजातही लग्न जुळवताना तो कुजबुजला जातो, हे सर्वांना ठाऊक आहे. दुसरा एखादा पाहुणा मोठेपणाने म्हणतो, ‘शेवटी बुद्ध काय, विष्णूचाच अवतार!’ हे बुद्धांचे कौतुक नव्हे. नागपूरच्या बावीस प्रतिज्ञांत ही समजूत स्पष्ट शब्दांत नाकारलेली आहे.

आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावास असतो. त्या दिवसांत पुष्कळ विहारांत बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालते. एखाद्या रविवारी मिस्सेनंतर तिथे मागे बसून ऐकता येईल. वेळ कोणती, ते शेजाऱ्याला आधी विचारावे.