नव्या गाण्यात आपली जागा

टोकियोतल्या किंवा ओसाकातल्या एखाद्या लहान लाइव्ह हाउसच्या दारात तिकीट दाखवलं की काउंटरवरून प्रश्न येतो : आज कोणत्या बँडसाठी आलात? एका संध्याकाळी पाच-सहा बँड वाजवणार असतात. ज्याचं नाव घ्याल त्याच्या खात्यावर एक रेघ ओढली जाते. पुष्कळ ठिकाणी बँडला तिकिटांचा कोटा ठरवून दिलेला असतो. तेवढी माणसं आली नाहीत तर तूट वादकांनी स्वतःच्या खिशातून भरून द्यायची. रंगवलेले चेहरे, उभारलेले केस आणि भरजरी काळे कपडे ही ज्याची बाहेरची ओळख, त्या व्हिज्युअल केई प्रवाहात मोठ्या कंपनीचा आधार नसलेला मेटल बँड नवं गाणं काढतो, तेव्हा ते कसं वाटलं याचा पहिला कौल या रेघांतून मिळतो. छापील परीक्षण नंतर येतं, बहुतेक वेळा येतच नाही.

चाहत्यांची प्रतिक्रिया म्हटली की आपल्यासमोर मतं येतात. आवडलं, नाही आवडलं, पूर्वीसारखं राहिलं नाही. हे तिसरं वाक्य जगभरचे रसिक म्हणतात आणि जगभरचे समीक्षक त्याला हसतात. रसिकाला ओळखीचं तेच हवं असतं, कलावंताला पुढे जायचं असतं, अशी सोपी वाटणी करून मोकळे होतात. व्हिज्युअल केईच्या बाबतीत मला ही वाटणी पटत नाही. तिथली तक्रार कानांची कमी आणि अंगाची जास्त असते, म्हणूनच ती पुष्कळदा अचूक असते.

या बँडांचा श्रोतृवर्ग बहुतांशी स्त्रियांचा. त्यांना तिथे ‘बांग्या’ म्हणतात. त्या गाणं उभ्यानं ऐकत असतात, पण स्थिर कधीच नसतात. प्रत्येक गाण्याला ‘फुरी’ म्हणजे ठरलेले हातवारे असतात. गिटारचा एकल तुकडा आला की वादकाच्या दिशेनं दोन्ही हात पसरायचे, त्याला ‘साकू’ म्हणतात, उमलणं. ड्रमचा दुहेरी ठोका सुरू झाला की कमरेतून घडी घातल्यासारखं वाकून मान झोकायची. काही हातवारे बँडकडून येतात, काही पहिल्या रांगेतल्या जाणत्या बायकांकडून मागे झिरपतात. तीन-चार कार्यक्रमांत नव्या गाण्याची फुरी पक्की होते. ते गाणं कुठे थबकतं, कुठे अर्धी मात्रा उशिरा येतं, हे या बायकांच्या मानेला ठाऊक असतं. एखादा परीक्षक लिहील की बँडची रचना अधिक गुंतागुंतीची झाली आहे. पहिल्या रांगेतली बाई म्हणेल, या गाण्यात मला हात ठेवायला जागा नाही. दोघं एकच गोष्ट सांगत असतात. माझ्या मते दुसरं विधान जास्त नेमकं आहे.

त्यात पैसाही गुंतलेला आहे, हे विसरून चालणार नाही. एकच सिंगल दोन-तीन आवृत्त्यांत निघतो, प्रत्येकीत जोडगाणं वेगळं. सभासदांचे झटपट कॅमेऱ्यानं काढलेले फोटो, ज्यांना ‘चेकी’ म्हणतात, बंद पाकिटात विकले जातात. आत कोणाचा निघेल ते नशीब, आणि मग हॉलच्या कोपऱ्यात अदलाबदल. यात शोषण आहे का? थोडंफार आहेच. पण याच पैशातून पुढचं रेकॉर्डिंग होतं, आणि देणाऱ्यांना ते पक्कं माहीत असतं. आपण ज्याचा खर्च उचलला ते काम आवडलं नाही असं म्हणण्याचा अधिकार त्यांना नसेल, तर तो कोणाला असावा?

इथे कोणी विचारील की व्हिज्युअल केईचं संगीत मुळात एका साच्याचं कधी होतं? नव्हतंच. एक्स जपान हा पुढे अफाट मोठा झालेला बँड. त्याचा पहिला अल्बम 1988 साली ड्रमर योशिकीच्या स्वतःच्या छोट्या कंपनीनं काढला, आणि त्यात धावतं स्पीड मेटल होतं. 1993 मध्ये याच बँडनं जवळजवळ अर्ध्या तासाचं एकच गाणं प्रसिद्ध केलं, वाद्यवृंदासकट. नव्वदीच्या दशकातल्या मालिस मिझेर या बँडनं युरोपीय दरबारी संगीताची वळणं आणली. सुरावट, वेग, वाद्यं, सगळंच बदलत आलं. मग ‘हे आता व्हिज्युअल केई राहिलं नाही’ या तक्रारीला अर्थ काय? मला दिसतो तो अर्थ असा : बदल चालतो, पण त्यात ऐकणाऱ्याला काहीतरी करायला उरलं पाहिजे.

याची कसोटी महामारीनं घेतली. नॉक्टर्नल ब्लडलस्ट हा 2009 साली सुरू झालेला बँड. खोल सुरात लावलेली सात तारांची गिटार, हिरो या गायकाचा घशाच्या तळातून येणारा आवाज, आणि मध्येच निखळ गोड सूर. त्याचे दोन्ही गिटारवादक बाहेर पडले तेव्हा चाहत्यांनी धसका घेतला होता, कारण बँडच्या आवाजाची घडण त्या दोघांच्या हातची मानली जाई. 2020 मध्ये नवे दोन गिटारवादक आले आणि डिसेंबरात ‘द वेस्टलँड’ हा मिनी अल्बम निघाला. पण तेव्हा जपानच्या सभागृहांत ओरडायला मनाई होती. ती 2023 च्या सुरुवातीपर्यंत पुरती सैल झाली नाही. गायकानं हाक द्यायची आणि हॉलनं गर्जून उत्तर द्यायचं, यावर ज्यांची निम्मी रचना उभी, ती गाणी मुखपट्टीच्या आड मुक्यानं पार पडत होती. त्या काळात आलेल्या नव्या संगीताबद्दल ‘काहीतरी कमी आहे’ असं ज्यांना वाटलं, त्यांनी बँडला दोष देण्याआधी थोडं थांबायला हवं होतं. कमी होता तो त्यांचाच आवाज.

या हॉलच्या बाहेर दुसरा एक श्रोता आहे, आणि त्यात आपण येतो. मुंबई-पुण्यातल्या पुष्कळ तरुणांनी व्हिज्युअल केई पहिल्यांदा ऐकलं ते नकळत : ‘डेथ नोट’ या ॲनिमे मालिकेचं सुरुवातीचं गाणं नाइटमेअर या बँडचं होतं. तिथून शोधत शोधत काही जण जड बँडांपर्यंत पोचले. या श्रोत्याकडे फुरी नाही, चेकी नाही, दारातली रेघ नाही. लहान बँडांच्या काही सीडी फक्त कार्यक्रमाच्या ठिकाणीच विकल्या जातात, त्या त्याला मिळत नाहीत. अनेकदा त्याच्यापर्यंत पोचते ती गाण्याच्या चित्रफितीची अर्धी, मधेच तोडलेली आवृत्ती. तरीही त्याचं मत ठाम असतं. त्याला किंकाळ्या हव्यात, ठेका मंदावून जड होणारा ‘ब्रेकडाउन’ हवा, गोड भाग शक्यतो नको. म्हणजे बँडचं एकच नवं काम दोन जमाती ऐकत असतात आणि दोघींना त्यात वेगळं काम दिसतं. एकीला अंगानं वाजवायचं गाणं, दुसरीला नुसतं ध्वनिमुद्रण. दुसऱ्या जमातीत बसून ऐकण्यात कमीपणा काहीच नाही. मी तिथलाच.

पण या दुसऱ्या जमातीची एक सवय मला खटकते. दिर एन ग्रे हा 1997 साली ओसाकात जमलेला बँड. 1999 च्या जानेवारीत योशिकीच्या निर्मितीखाली त्यांचे तीन सिंगल एकदम आले, तेव्हा त्यांचा सगळा थाट होता. पुढे साज उतरत गेला आणि आवाज जड होत गेला. 2005 साली ते बर्लिन-पॅरिसला वाजवून आले, 2006 मध्ये कॉर्न या बँडबरोबर अमेरिकेच्या दौऱ्यावर गेले. तेव्हापासून एक कौतुक पाश्चात्त्य मेटलप्रेमींकडून ऐकू येतं आणि आपल्याकडचेही ते गिरवतात : आता हे मेकअप टाकून गंभीर झाले. या कौतुकात ज्या बायकांनी सुरुवातीची वर्षं हे बँड तगवले, त्यांच्या रुचीचा परस्पर निकाल लावलेला असतो. जणू त्या चेहऱ्यांवर भाळल्या होत्या आणि संगीत कळायला दाढीवाले पुरुष यावे लागले. मात्रा कोण मोजत होतं, हे यांनी कधी विचारलेलं नाही.

बँडनं मग ऐकायचं कोणाचं? डिमलिम या बँडचं उदाहरण टोकाचं आहे. 2018 चा त्यांचा ‘चेदोआरा’ हा अल्बम कमालीचा जड आणि काळवंडलेला. त्यावर जीव टाकणारे पुष्कळ होते. 2020 च्या आरंभी ‘मिस्क’ आला आणि किंकाळ्या जवळजवळ नाहीशा. त्यांच्या जागी स्वच्छ गळा, नाचरे ठेके, गिटारची नक्षीदार गुंतवळ. चाहते सरळ दुभंगले. फसवलं गेल्याची भाषाही झाली, आणि ती मला मान्य नाही. ‘मिस्क’ धाडसी आहे, कारागिरीही पक्की आहे. पण ज्यांना त्यात जागा सापडली नाही आणि ज्या निघून गेल्या, त्यांना मी कोत्या मनाच्या म्हणणार नाही. बांग्यांच्या बोलीत या निघून जाण्याला ‘आगारु’ म्हणतात. त्यात चिडचिड फारशी नसते, निवृत्ती असते. लहान बँडसाठी मात्र ती कुठल्याही टीकेपेक्षा महाग पडते.

दिर एन ग्रेनं निराळा मार्ग धरला. 2013 च्या ‘द अनरॅव्हलिंग’मध्ये एक गाणं नवं, बाकीची जुनीच, पण आजच्या दाट आवाजात पुन्हा वाजवलेली. 2016 पासून त्यांनी एकेका जुन्या अल्बमच्या नावानं दौरे काढले. आठवणींचा धंदा म्हणा हवं तर, तो आहेच. तरीही यामुळे ‘पूर्वीसारखं राहिलं नाही’ ही कुरकुर निदान तपासता येते, कारण दोन्ही रूपं शेजारी ठेवून बदल नेमका दाखवता येतो. आणि तपासूनही काहींना जुनंच बरं वाटतं. त्यांचं ‘कासुमी’ हे गाणं मला 2003 सालच्या जुन्या रूपातच आवडतं. त्याच्यावर गर्दीत उभं राहून मान झोकायचा योग मात्र आलेला नाही, तेव्हा या वादात माझं मत अर्ध्या किमतीचं धरावं.