वचन पाठ आहे, पण भेट?
आजचे वाचन: योहान 5:31-47



हा अध्याय सुरू होतो बेथेस्दाच्या तळ्यापाशी. 38 वर्षं आजारी असलेला माणूस उठून चालायला लागतो, आणि धर्मपुढारी त्याला विचारतात काय, तर शब्बाथ दिवशी बाज का उचललीस! त्यांना नियम तोंडपाठ होते. त्याच लोकांना येशू 39 आणि 40 व्या वचनात सांगतो, की तुम्ही शास्त्रलेख शोधता, ते माझ्याविषयीच बोलतात, तरी माझ्याकडे यायला मात्र तुम्ही तयार नाही.

हे वाचलं की मला पंडिता रमाबाई आठवतात. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांच्या घरात संस्कृत शिकलेली मुलगी, हजारो श्लोक पाठ. 1878 मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी तिला 'पंडिता' म्हटलं. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेजला बाप्तिस्मा झाला. आपण म्हणू, झालं की! पण 1907 मध्ये लिहिलेल्या साक्षीत त्या उघडपणे सांगतात, की बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना कळलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडलाय, ख्रिस्त अजून सापडलेला नाही. हॅस्लम नावाच्या पाळकाचं आत्मचरित्र वाचताना हा प्रश्न त्यांच्यासमोर आला. हा पाळक स्वतःच्याच प्रवचनाच्या मध्यावर पालटला होता! (पाळकाचंही तारण व्हावं लागतं, हे आपण विसरतो.)

आठ वर्षं. या काळात त्यांनी शारदा सदन उघडलं, विधवांना आसरा दिला. काम खरं होतं, श्रद्धाही खोटी नव्हती. तरी आत काहीतरी रिकामं होतं, आणि ते मान्य करायला एवढ्या मोठ्या विदुषीला लाज वाटली नाही.

आपल्या भाषेत सांगायचं तर, डॉक्युमेंटेशन पूर्ण वाचलं, पण ज्याने सिस्टीम बनवली त्याला एक कॉलसुद्धा केला नाही. पेणकरपाड्याहून निघून दहिसर चेकनाक्याच्या ट्रॅफिकमध्ये रिक्षात बसल्या बसल्या आजचा अध्याय संपतो, ॲपवर टिक येते, स्ट्रीक वाढते. त्यात वाईट काहीच नाही. फक्त, वाचून झाल्यावर त्याच्याशी दोन शब्द बोललात का?

मग वाचन सोडायचं का? उलट! ख्रिस्त सापडल्यावर रमाबाईंचा अभ्यास वाढला. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी अख्खं बायबल सोप्या मराठीत आणायला घेतलं, कमी शिकलेल्या बाईलाही कळावं म्हणून. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये स्वतःचा छापखाना होता, तिथल्या बायका छपाईचं काम करत. 1921 मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. तरी म्हातारपणात, आजारपणात त्यांचं हे काम चालूच राहिलं. 5 एप्रिल 1922 रोजी त्या प्रभूकडे गेल्या. मुलगी गेल्यावर त्याच पानांवर परत बसणं नुसत्या पाठांतराच्या जोरावर जमलं असतं, असं मला वाटत नाही.

आज एक करून बघा. 39 आणि 40 ही दोनच वचनं वाचा, फोन उलटा ठेवा, आणि पाच मिनिटं त्याच्याशी बोला. मराठीत, घरी आईशी बोलता तसं. शब्द सुचले नाहीत तर गप्प बसा, पण उठू नका.

प्रार्थना: प्रभू येशू, तुझ्याविषयी पुष्कळ ऐकलंय. आज मी तुझ्याकडेच आलोय. आमेन.

उद्याचे वाचन: योहान 6:1-21