रूपांतर आणि परिवर्तन

पावसाळ्यातील रविवारी लोणावळ्याच्या रस्त्यावर उभे राहिले, की मोटारींचे नाना अवतार दृष्टीस पडतात. कुणी जीपचे छत उतरविलेले असते, कुणी रुंद चाके बसविलेली असतात, तर कुणी मुद्दाम आवाज वाढविलेला असतो. हे पाहून आम्ही आजवर केवळ हसत होतो. परंतु गेल्या वर्षी मावळातील आमच्या धर्मग्रामातील एका गृहस्थाने याच विषयावर आम्हांला एक प्रश्न विचारला आणि तो हसण्यावारी नेता आला नाही.

त्याच्या वडिलांची जुनी अमेरिकन डॉज मोटार घरामागील पत्र्याच्या शेडमध्ये उभी आहे. मुंबई-पुणे रस्त्यावर त्यांनी ती टॅक्सी म्हणून चालविली आणि बोरघाट चढून-उतरून मुलांची शिक्षणे केली. आता मुलाच्या मनात असे, की तिचे छत कापावे, मागचा भाग नव्याने घडवावा, नवे इंजिन बसवावे आणि लग्नाच्या वरातींना ती भाड्याने द्यावी. आईचा याला विरोध. "फादर, यात पाप आहे का?" त्याने विचारले. आम्ही तत्काळ उत्तरलो, "पत्रा तो पत्रा. खुशाल कापा." ते उत्तर घाईचे होते, हे येथे कबूल केले पाहिजे.

आमच्या उत्तराला आधार नव्हता असे नाही. भिक्षू नागसेनाने मिलिंद राजाला घातलेला रथाचा प्रश्न आम्ही सेमिनरीत अभ्यासला होता. चाक म्हणजे रथ नव्हे, आस म्हणजेही रथ नव्हे. मग रथ आहे तरी कोठे? डॉजचेही तसेच. क्रायस्लर कंपनीच्या मोटारी १९४७ पासून कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात जोडल्या जाऊ लागल्या. पुढे पेट्रोल परवडेना, तेव्हा अशा कित्येक जुन्या मोटारींत डिझेलची इंजिने बसली. या मोटारीचे इंजिनही वडिलांनीच बदलले होते. मग 'मूळ' म्हणून जपायचे ते नेमके काय?

कायद्याचे म्हणणे मात्र निराळे आहे. निर्मात्याने ठरविलेली मूळ रचना बदलून नोंदणीच्या तपशिलाशी विसंगत असे वाहन करता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये दिला. २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली मोटार 'व्हिंटेज' म्हणून नोंदविता येते. परंतु तिच्यावर धंदा करता येत नाही. तेव्हा गुपचूप कापून कागदोपत्री ती जुनीच आहे असे भासविणे, हे आठव्या आज्ञेचे उल्लंघन होय. खोटी साक्ष केवळ जिभेनेच दिली जाते असे नाही.

कायदा पाळला तरी एक प्रश्न उरतोच. बदल करायचा तो कशासाठी? डिसेंबर १९६४ मध्ये पोप पॉल सहावे युकॅरिस्टिक काँग्रेससाठी मुंबईस आले, तेव्हा अमेरिकन लोकांनी भेट दिलेली शुभ्र लिंकन मोटार त्यांच्या दिमतीस होती. निघताना ती त्यांनी मदर तेरेजांना देऊन टाकली. मदरनी तिची सोडत काढून आलेला पैसा कुष्ठरोग्यांच्या शांतीनगर वसाहतीसाठी वापरला. ऑक्टोबर १९६५ मध्ये पोपमहोदय न्यूयॉर्कला गेले. त्या वेळी शिकागोच्या लेहमन-पीटरसन या कारखान्याने दुसरी एक लिंकन कापून लांब केली व गर्दीतल्या शेवटच्या माणसालाही दर्शन घडावे म्हणून मागील आसन उंच केले. पुढे त्याच मोटारीतून चंद्रमोहिमेचे अंतराळवीर मिरवले.

पहिल्या मोटारीचा पत्राही कापला गेला नाही, तरी तिचे परिवर्तन झाले. दुसरीचे रूपांतर झाले, आणि तेही लोकांसाठी. कापणे हा दोष नव्हे, तसेच न कापणे हा काही सद्गुण नव्हे. आपण कुणासाठी बदलतो आणि बदलताना कुणाला दुखवितो, यावरून त्या कृतीची पारख होते.

हा विचार मनात आल्यावर आम्ही त्या माउलीला भेटावयास गेलो. तिने मोटारीचे दार उघडले आणि काचेच्या वर, छताच्या आतील बाजूस पतीने स्वतः ठोकलेला मोत माउलीचा छोटा बिल्ला दाखविला. "इंजिन त्यांनीच बदललं, त्याचं मला काही नाही, फादर," ती म्हणाली. "पण छत गेलं तर हा राहील कुठं?"

आम्हांला उत्तर सुचले नाही. पुनरुत्थानानंतर प्रभूचा देह तेजोमय झाला. तरी खिळ्यांचे वण त्याने पुसून टाकले नाहीत. तेच वण त्याने थोमाला दाखविले. नवेपणा खरा असेल, तर प्रेमाने सोसल्याच्या खुणा त्यात शिल्लक राहतात. वारसा मुलाच्या हाती येतो, पण तो त्याच्या एकट्याचा नसतो. चौथ्या आज्ञेचा आदर आईवडिलांच्या कष्टांनाही लागू आहे.

आम्ही आमचे पहिले उत्तर मागे घेतले. कापू नकोस, असेही सांगितले नाही; निर्णय त्या घराचा आहे. मुलाला एवढेच सुचविले, की कारागिराकडे जाण्यापूर्वी एक संध्याकाळ आईला शेजारी घेऊन त्या मोटारीत बसावे आणि तिचे बोलणे पुरते ऐकून घ्यावे. तो बसला, असे कळते. छत अद्याप जागेवर आहे.