अंगण आणि विरंगुळा

नव्या सांगवीत दुपारच्या आधी एक दृश्य रोज दिसतं. अंगणवाडी सुटते आणि पोरं आजीचं नाहीतर आजोबांचं बोट धरून घरी निघतात. दप्तर आजोबांच्या खांद्याला, आजोबांची काठी पोराच्या हातात. वाटेत ज्येष्ठांचं विरंगुळा केंद्र लागतं. पोरगं दारातून आत डोकावतं, कॅरमकडे बघत रेंगाळतं. आजोबा त्याला ओढत म्हणतात, "चल, इथं म्हातारी माणसं बसतात." संध्याकाळी ते स्वतः तिथेच येऊन बसणार असतात.

ज्यांचा सगळा दिवस एकमेकांच्या सोबतीने जातो, त्यांच्यासाठी आपण दोन वेगळ्या इमारती बांधल्या. ही वाटणी झाली कशी?

आमच्या भागापुरतं सांगायचं तर ती कारखान्यांबरोबर आली. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली, १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि भोवतालचे माळ भोंग्यावर उठू लागले. इथली १९७० ची नगरपालिका १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. सातारा-सांगलीकडून, मराठवाड्यातून, खानदेशातून माणसं आली. पण भरती वय बघून होत होती. हातात बळ असलेले तेवढे इकडे आले, म्हातारे गावी राहिले. गुंठ्याच्या घरात आजीसाठी कोपरा नव्हता, कारण आजीच नव्हती. शिफ्टला जाणाऱ्यांची मुलं शेजारच्या काकूंकडे राहू लागली आणि त्या काकूंचंच पुढे पाळणाघर झालं.

कायदाही असाच तुकड्यातुकड्याने आला. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने पाळणाघर सक्तीचं केलं ते कामगार बायका मोजून. २०१७ साली मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली आणि पन्नास किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. मोजणीत पुरुषही आले. मूल फक्त बाईचं नसतं, हे कागदावर यायला जवळजवळ सत्तर वर्षं लागली. म्हाताऱ्या आईवडिलांसाठी २००७ चा वेगळा कायदा आहे, तो मुख्यतः निर्वाहाचा आणि न्यायाधिकरणाचा. एकाच घरातल्या दोन टोकांचे हे कायदे एकमेकांकडे बघतसुद्धा नाहीत.

एका जागी मात्र सांभाळाचा विचार फार आधी वेगळ्या वाटेने गेला होता. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. सोबत अनुताई वाघ होत्या. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आदिवासी पाड्यांतली मोठी मुलं शाळेत का येत नाहीत, याचा शोध घेताना उत्तर कडेवर सापडलं: धाकटी भावंडं सांभाळायला दुसरं कोणी नव्हतं. म्हणून ताराबाईंनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली आणि त्याला विकासवाडी म्हटलं. मुलं बालवाडीपर्यंत येत नव्हती तेव्हा बालवाडी त्यांच्या अंगणात गेली, ती अंगणवाडी.

या शब्दापाशी मी दर वेळी थांबतो. अंगण ही काही मुलांची खास जागा नव्हती. तिथे धान्य वाळायचं, सुपं वाजायची, उन्हाला पाठ देऊन म्हातारी बसायची. एका वयाला सांभाळायचं तर शेजारच्या वयाचीही सोय लावावी लागते, हे विकासवाडीने ओळखलं होतं. त्या ओळीत आजी जोडणं एवढंच बाकी होतं. २ ऑक्टोबर १९७५ ला देशभरातल्या ३३ प्रकल्पांतून एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हे नाव सरकारी झालं. लाखो मुलांना खाऊ आणि लस मिळाली, हे मोठंच काम. पण योजनेत अंगणाची खोली झाली, खोलीला वयाची अट आली आणि म्हातारी उंबऱ्याबाहेर राहिली.

योगायोग असा, की त्यानंतरच्याच वर्षी, १९७६ मध्ये, टोकियोच्या एदोगावा भागात कोतोएन या संस्थेने बालसंगोपन केंद्र आणि वृद्धाश्रम एका छपराखाली आणले. अमेरिकेत सिएटलच्या एका शुश्रूषागृहात १९९१ पासून बालकेंद्र चालतं. दोन्हीकडे मुलांना त्यांच्या शिक्षिका आहेत, वृद्धांना त्यांचे सेवक आहेत. मधल्या काही वेळी दोघं एकत्र येतात. व्यायाम, गाणी, खाणं. ज्याला नको असेल, तो आपल्या खोलीत बसू शकतो.

इथेच आपल्याकडे चटकन एक वाक्य येतं: "यात नवीन काय? आपल्या एकत्र कुटुंबात हे होतंच." होतं, पण त्या घरात मुलाची दुपटी आणि सासऱ्याचं पथ्य एकाच बाईच्या वाट्याला असायचं. आजी-नातवाचं गोड चित्र तिच्या पाठीवर उभं होतं आणि चित्रात ती दिसत नव्हती. आज सून हिंजवडीला कामाला जाते, म्हणून गावी फोन जातो: "आई, सहा महिने येऊन राहा." आई येते. लिफ्ट नसलेल्या इमारतीचा दुसरा मजला, दुखरे गुडघे, भजनी मंडळ गावाला. नातवाचा लळा खराच असतो, पण तिला कोणी विचारलेलं नसतं. जुन्या घरात सून गृहीत धरलेली होती, आता आजी.

ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावाने या नात्याची एक उलटी बाजू दाखवली. शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ८ मार्च २०१६ ला तिथे आजीबाईंची शाळा सुरू केली. गुलाबी नऊवारी, खांद्याला दप्तर, हातात पाटी. घरी अभ्यास घ्यायला नातवंडं. इथे आजी कुणाला सांभाळायला बसत नाही. तिला स्वतःला काहीतरी हवं आहे आणि ते द्यायला नातू उपयोगी पडतो. दोघांनाही देण्याघेण्याची बाजू बदलता आली, तर सोबत ओझं होत नाही.

म्हणून सांगवीतल्या त्या दोन इमारतींबद्दल माझं म्हणणं साधं आहे. विरंगुळा केंद्र भर दुपारी ओस असतं, अंगणवाडीची खोली संध्याकाळी कुलपात. आठवड्यातून दोन-तीन दिवस तासभर दारं एकमेकांना उघडावीत. ज्यांना हौस आहे त्यांनी यावं. ज्यांना पत्त्यांचा डाव शांतपणे खेळायचाय त्यांच्यावर आजोबापण लादू नये. मुलाला सर्दी असेल तर त्या दिवशी भेट नाही, एवढं तारतम्यही हवं.

जागा आहे, माणसं आहेत, माया तर आहेच. उरतो प्रश्न दोघांच्या मध्ये उभं राहणारीचा. अंगणवाडी सेविकेला आजही पगार नाही, मानधन मिळतं. तिला ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे सांगायला २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाला निकाल द्यावा लागला. हा तासही तिच्याच माथी फुकट मारला, तर आपण एकत्र कुटुंबातली ती न दिसणारी बाईच पुन्हा कामाला लावली असं होईल. कॅरमभोवती आजोबा आणि नातू बसलेले बघायला मलाही आवडेल. फक्त त्या खोलीत तिसरी खुर्ची कुणाची आणि तिचा मोबदला किती, हे आधी लिहून ठेवू या.