पुसता येणारा मृत्यू : 'फायर एम्ब्लेम' आणि अपरिवर्तनीयतेचा प्रश्न

कलाकृतीत जे घडते ते बदलता येत नाही, हे गृहीतक आपल्या समीक्षाविचारात इतके मुरलेले आहे की त्याचा वेगळा उच्चार करण्याची गरज सहसा भासत नाही. 'एकच प्याला'चा प्रेक्षक सुधाकराच्या हातातला प्याला काढून घेऊ शकत नाही. सिंधू मरणार हे त्याला ठाऊक असते आणि तरीही तो पाहत राहतो. किंबहुना हस्तक्षेप करता येत नाही म्हणूनच तो पाहू शकतो. ॲरिस्टॉटलची करुणा आणि भीती घ्या किंवा अभिनवगुप्ताचे साधारणीकरण घ्या, दोहोंच्या मुळाशी आस्वादकाच्या या हतबलतेचा काही वाटा आहे. रंगमंचावरील घटना माझ्या लौकिक 'मी'ला चिकटलेली नसते, तिच्याबाबत मला काही करावयाचे नसते, आणि म्हणूनच तिचा रस माझ्यापर्यंत पोहोचतो. आता अशी एक कथात्मक रचना कल्पावी की जिच्यात पात्र मरते ते आस्वादकाच्याच निर्णयामुळे, आणि त्याला वाटले तर तो ती घटना पुसून पुन्हा घडवू शकतो. अशा रचनेत शोक कशाचा होतो? आणि घटना पुसल्यानंतर त्या शोकाचे काय होते?

ही रचना काल्पनिक नाही. १९९० साली जपानमध्ये निन्टेन्डोच्या 'फॅमिकॉम' यंत्रासाठी 'फायर एम्ब्लेम' मालिकेतील पहिला खेळ प्रसिद्ध झाला. 'इंटेलिजंट सिस्टिम्स' या संस्थेने तो तयार केला आणि त्याची संकल्पना शोझो कागा यांची होती. व्हिडिओ खेळ हा विषय या नियतकालिकाच्या वाचकाला परका वाटेल याची जाणीव आहे. परंतु ज्या प्रश्नाची चर्चा येथे करावयाची आहे तो सौंदर्यशास्त्राचा आणि नीतिशास्त्राचा आहे, आणि तो नाटक-कादंबरीपेक्षा या खेळातच अधिक उघडपणे उभा राहतो.

खेळाचे स्वरूप थोडक्यात असे. पटावर घरे आखलेली असतात. खेळणारा आपली सारी माणसे एकेक करून हलवितो, मग शत्रू आपली हलवितो. येथवर बुद्धिबळच. मात्र येथे प्रत्येक सोंगटीला नाव आहे, चेहरा आहे, गाव आहे आणि या युद्धात सामील होण्याचे काही कारण आहे. लढता लढता तिचे बळ वाढते. पुढील काही खेळांत दोन माणसे पटावर बराच काळ शेजारी उभी राहिली की त्यांच्यात संवाद घडतो. कोणी मृत भावाविषयी बोलते, कोणी आपण कर्ज फेडण्यासाठी सैनिक झालो असे सांगते. आणि लढाईत यांपैकी कोणी पडले तर ते कायमचे पडते. पुढच्या प्रकरणात ते नसते. त्याचे संवाद घडत नाहीत. मरताना ते एखादे वाक्य उच्चारते एवढेच.

शोगी या जपानी बुद्धिबळाशी याची तुलना उद्बोधक ठरते. शोगीत मारलेली सोंगटी मरत नाही. ती मारणाऱ्याच्या ताब्यात जाते आणि त्याच्या बाजूने पुन्हा पटावर उतरते. 'फायर एम्ब्लेम'मध्ये शत्रुपक्षातील काही माणसे नेमक्या व्यक्तीने जाऊन बोलल्यास आपल्या बाजूला येतात, त्यात या परंपरेची आठवण आहे असे म्हणता येईल. मात्र मेलेल्याचे परत येणे येथे नाकारले गेले आहे. पहिल्या खेळात मृताला उठविणारी एक काठी आहे खरी, पण ती एकदाच वापरता येते. एकाला उठवावयाचे म्हणजे इतरांना न उठविण्याचा निर्णय घ्यावयाचा.

एक आक्षेप लगेच संभवतो. ही हळहळ माणसासाठी नसून साधनासाठी आहे. वीस प्रकरणे वाढविलेला घोडेस्वार गेला याचे दुःख म्हणजे गुंतवणूक बुडाल्याचे दुःख होय. आक्षेपात तथ्य आहे. दुबळा, वाढण्याची शक्यता नसलेला एखादा म्हातारा सरदार पडला तर पुष्कळ खेळणारे पुढे निघून जातात, आणि हे त्यांच्या करुणेविषयी बरेच सांगून जाते. परंतु हा आक्षेप खेळाविरुद्ध आहे की आपल्याविरुद्ध, हे तपासावे लागेल. माणूस आणि साधन यांची सरमिसळ हा सेनापतीच्या स्थानाचाच दोष आहे. जो इतरांना कोठे उभे राहावे हे सांगतो, त्याच्या दृष्टीत ती सरमिसळ अटळपणे येते. कादंबरी सेनापतीचे असे मन आपल्याला दाखविते. हा खेळ ते आपल्याला काही तासांपुरते लावून देतो. एखाद्या पुलाच्या तोंडावर कोणाला उभे करावे हे ठरविताना 'कोण टिकेल' आणि 'कोण गेले तर चालेल' हे दोन प्रश्न किती सहज एकमेकांत मिसळतात, याचा अनुभव निवेदनातून येणे कठीण.

आता पुसण्याकडे वळू. खेळणाऱ्यांपैकी अनेकजण माणूस पडताच यंत्र बंद करतात आणि प्रकरण आरंभापासून पुन्हा खेळतात. एका प्रकरणाला तास-दीड तासही लागू शकतो. शेवटच्या खेळीत, अगदी विजयाच्या उंबरठ्यावर, एखादा क्षुल्लक भालाईत दोन टक्के शक्यतेचा जबर घाव घालतो आणि सारे वाया जाते. या मालिकेविषयीचा वैताग आणि तिचे आकर्षण येथे एकाच बिंदूत सापडतात. खेळ हरलेला नसतो. नियमांप्रमाणे पुढे जाता येते. पुढे जाणेच सोयीचे असते. तरीही खेळणारा तास फुकट घालवून मागे जातो, कारण एका माणसाला तेथे सोडून जाणे त्याला जमत नाही. यास निव्वळ हिशेब म्हणणे मला पटत नाही. हिशेब बहुधा पुढे जा असेच सांगत असतो.

या ठिकाणी खेळाच्या अंतर्गत गणिताकडे पाहणे उपयुक्त आहे. घाव बसण्याची शक्यता पडद्यावर टक्क्यांत दाखविली जाते. २००२ सालच्या खेळापासून मात्र यंत्र एकाऐवजी दोन यादृच्छिक संख्या काढते आणि त्यांची सरासरी घेते. परिणामी, दाखविलेले ८० टक्के प्रत्यक्षात सुमारे ९२ असतात आणि दाखविलेले २० टक्के सुमारे ८. खेळणाऱ्याचे नेम बहुधा चांगले आणि शत्रूचे वाईट असल्याने हे असत्य त्याच्या लाभाचे ठरते. आपल्याला ८० टक्क्यांचा जो अर्थ मनोमन वाटत असतो ('हे होणारच') त्याच्याशी जुळणारे जग यंत्र रचते. पण जबर घावाला ही सवलत नाही. तेथे दोन टक्के म्हणजे दोनच टक्के. एकूण दैव मवाळ केलेले, आणि एका फटीतून मात्र ते मूळच्या स्वरूपात आत येते. शिवाय या काळातील हातातल्या यंत्रावरील खेळांत प्रत्येक हालचाल आपोआप नोंदविली जाई आणि संख्यांचा क्रमही जपला जाई. यंत्र मध्येच बंद करून पुन्हा सुरू केले व तेच केले तर तेच घडे. दैव बदलावयाचे तर आपली कृती बदलावी लागे, किंवा मुळापासून आरंभ करावा लागे.

बर्नार्ड विल्यम्स या इंग्रज तत्त्वज्ञाने १९७६ सालच्या नैतिक दैवाविषयीच्या निबंधात एका मालमोटारचालकाचे उदाहरण घेतले आहे. त्याचा काही दोष नसताना त्याच्या गाडीखाली एक मूल सापडते. पाहणाऱ्याला वाईट वाटते. चालकाला जे वाटते ते याहून वेगळे असते, आणि ते वेगळे असणे योग्यच आहे असे विल्यम्स म्हणतो. 'तुझा दोष नव्हता' असे आपण त्याला समजावतो, पण तो ते फार लवकर मान्य करील तर त्याच्याविषयी आपल्याला शंका येईल. यास आपण कर्त्याची खंत म्हणू. नाटकाच्या प्रेक्षकाला ही खंत कधीच होत नाही. त्याच्या हातून काही घडलेलेच नसते. 'फायर एम्ब्लेम'च्या खेळणाऱ्याला होते ती हीच. दोन टक्क्यांचा घाव हा त्याचा दोष नव्हे. पण त्या माणसाला त्या घरात उभे त्यानेच केले होते. साधारणीकरणाच्या सिद्धान्ताला ही एक विलक्षण अडचण आहे. येथे भाव लौकिक 'मी'पासून सुटा होत नाही, आणि तरीही तो संपूर्ण लौकिकही नाही, कारण कोणी मेलेले नाही.

मालमोटारचालकाला जे लाभत नाही ते खेळणाऱ्याला लाभते. तो परत जाऊ शकतो. मग तो जे करतो ते प्रायश्चित्त की पळवाट? माझ्या मते दोन्ही, आणि अडचण नेमकी येथे आहे. ज्या माणसासाठी आपण तास खर्चून मागे गेलो, तो वाचला की त्याचे वजनही कमी होते. तो आता मरू शकणारा राहिलेला नसतो; आपण त्याला मरू देणार नाही हे सिद्ध झालेले असते. एकदाही कोणाला न गमावता खेळ पुरा करणाऱ्याच्या पटावर, काटेकोर अर्थाने, युद्ध झालेलेच नसते. उलट, पडलेल्यांना पडू देऊन पुढे जाणारा खेळणारा युद्धाच्या अधिक जवळ असतो, पण त्याला ते जमते ते बहुधा त्याने त्यांच्यावर फारसे प्रेम केलेले नसते म्हणून. खेळ आपल्याकडून माया मागतो, आणि माया केली की आपण त्याचा मूळ नियमच निष्प्रभ करतो.

२००८ साली पहिल्या खेळाची नवी आवृत्ती आली, तिच्यात ही विसंगती हास्यास्पद टोकाला गेलेली दिसते. काही उपप्रकरणे अशी ठेवली होती की सैन्यात पंधरा किंवा त्याहून कमी माणसे उरली असतील तरच ती उघडावीत. हेतू बहुधा उदार असावा. ज्यांनी पुष्कळ गमावले त्यांना थोडा दिलासा मिळावा. घडले असे की ज्यांना ती प्रकरणे पाहावयाची होती त्यांना आपलीच नकोशी माणसे मुद्दाम शत्रूपुढे नेऊन उभी करावी लागली. नियम बनविणाऱ्याची दया खेळणाऱ्याच्या क्रौर्यात कशी रूपांतरित होते याचे इतके स्वच्छ उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

याउलट १९९६ सालच्या 'सेइसेन नो केइफु' या खेळाची रचना. येथे प्रत्येक पाळीच्या आरंभी खेळ नोंदवून ठेवता येतो, म्हणजे पुसण्याची मुभा भरपूर. खेळणारा नायक सिगुर्ड आणि त्याचे सोबती यांना पाच प्रकरणे जिवापाड जपतो, त्यांचे विवाह जुळवितो. पाचव्या प्रकरणाच्या शेवटी विजयोत्सवासाठी राजधानीत बोलावून त्या साऱ्यांना विश्वासघाताने जाळले जाते. येथे पट नाही, खेळी नाही, टक्के नाहीत. कितीही वेळा मागे गेले तरी हे घडते. उत्तरार्धात त्यांची मुले लढतात, आणि ती कोणाची मुले हे खेळणाऱ्यानेच ठरविलेले असते. आपल्या हाती काय होते आणि काय कधीच नव्हते, याची सीमा एका क्षणात दिसते. कर्त्याची खंत आणि प्रेक्षकाची करुणा ही दोन्ही एकाच कृतीत, क्रमाने, भोगावयास लावणारी ही रचना आहे आणि म्हणूनच संपूर्ण मालिकेत मी तिला सर्वांत वरचे स्थान देईन.

निर्णयाचा प्रश्न याहून उग्रपणे मांडणारा खेळ म्हणजे यासुमी मात्सुनो यांचा 'टॅक्टिक्स ओगर'. हा ऑक्टोबर १९९५ चा. त्याच वर्षी जुलैमध्ये स्रेब्रेनिका येथे हत्याकांड झाले होते आणि युगोस्लाव्हियाचे विघटन चार वर्षे जगापुढे घडत होते. व्हॅलेरिया या द्वीपसमूहात तीन वांशिक गटांचा संघर्ष चालू आहे. पहिल्या प्रकरणाच्या अखेरीस तरुण नायक डेनाम याला आज्ञा होते : बंड करण्यास नकार देणाऱ्या बालमामुसा गावातील आपल्याच लोकांची कत्तल कर आणि ती शत्रूने केली असे भासव, म्हणजे बाकीचे पेटून उठतील. होकार किंवा नकार खेळणाऱ्याने द्यावयाचा. नकार दिला तरी कत्तल होतेच. ती डेनामचा मित्र व्हाइस पार पाडतो. होकार दिला तर तोच व्हाइस संतापून साथ सोडतो. व्हाइसची नीती आपल्या उत्तराची उलट बाजू असते, याहून तिला स्वतंत्र आधार नाही. याला कोणी पात्रचित्रणातील दुबळेपणा म्हणेल. मला ते त्यातील सर्वांत निर्दय निरीक्षण वाटते. गाव वाचविणे हा पर्याय दिलेलाच नाही. दिलेला आहे तो फक्त आपण कोण होतो हे ठरविण्याचा पर्याय. २०१० च्या आवृत्तीत पट पन्नास चालींपर्यंत मागे फिरविता येतो, आणि कथा एकदा पूर्ण केल्यावर अशा वळणांवर परत जाऊन दुसरे उत्तरही देता येते. दोन्ही उत्तरे देऊन पाहणाऱ्याला गाव दोनदा जळताना दिसते.

'फायर एम्ब्लेम'नेही पुढे तडजोड केली. २०१० च्या खेळापासून पडलेली माणसे पुढील प्रकरणात परत येतील असा सौम्य प्रकार निवडता येऊ लागला. २०१५ मध्ये ती पुढच्याच पाळीत उठू लागली. २०१९ च्या 'थ्री हाउसेस'मध्ये काळ मागे फिरविण्याची शक्ती कथेतील देवतेचीच देणगी म्हणून मर्यादित वेळा मिळते. जुने खेळणारे यावर नाराज झाले. त्यांची नाराजी मला अर्धीच पटते. यंत्र बंद करून मागे जाणारा पूर्वीही होताच. त्याचा तास आता वाचला इतकेच. परंतु तो तास ही त्याच्या मायेची एकमेव किंमत होती. काळ फिरविण्याची कळ दाबण्यास काही क्षण लागतात, आणि काही क्षणांत जे परत मिळते त्यासाठी आपण काय केले हे स्वतःलाही सांगता येत नाही.

मालिकेतील अनेक खेळांच्या शेवटी एक यादी येते. जगलेल्या प्रत्येकाचे पुढे काय झाले ते दोन-तीन ओळींत सांगितलेले असते : कोणी गावी परतला, कोणी लग्न केले, कोणाचा पुन्हा पत्ता लागला नाही. पडलेल्यांच्या नावापुढे केवळ ते कोठे पडले, त्या प्रकरणाची नोंद असते. सर्वांना वाचविणाऱ्याच्या यादीत ही नोंद कोठेच नसते, आणि ज्या माणसासाठी तो पुनःपुन्हा मागे गेला, त्याच्या नावापुढे इतरांसारख्याच दोन ओळी असतात.