चार कळ्यांचा हिशेब

बँकेत ३६ वर्षं काढलेला माणूस निवृत्त होतो, त्याचा हिशेब होत नाही. वाईचे नाना त्यातलेच. परसात जास्वंद, सोनचाफा, कुंपणावर मधुमालती. पण जीव सगळा बटमोगऱ्यावर. पौषात त्याचं पाणी तोडायचं, माघात कात्री लावून छाटायचा, मुळाशी शेणखत घालून मग आळं भरेतो पाणी द्यायचं. मोगरा नव्या फुटीवरच फुलतो, तिथे हात आखडून चालत नाही, हे ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत.

यंदा हाताशी वेळ होता, म्हणून वहीही आली. संध्याकाळी पाचला टपोऱ्या पांढऱ्या कळ्या मोजायच्या, कारण त्याच त्या रात्री उमलतात. सकाळी सातला फुलं मोजायची. मधल्या वेळात बातम्या, जेवण, झोप.

फाल्गुनभर जमाखर्च जुळला. पाडव्यापासून बिनसलं. संध्याकाळी ३२, सकाळी २८. दुसऱ्या दिवशी ४१ आणि ३७. रोज नेमक्या चार कमी! गळाल्या म्हणावं, तर आळ्यात एक नाही. मग नानांना भिंतीपलीकडे मास्तरांची खुर्ची दिसली, भिंतीला अगदी खेटून ठेवलेली. वर चढलं की हात सहज पोचेल. माईंनाही ते काही बोलले नाहीत. असला चोर मुद्देमालासकटच धरायचा असतो.

त्या दिवशी बातम्या सोडून साडेसातला नाना मोगऱ्याआड स्टुलावर बसले. दिवा न लावता. पहिली दहा मिनिटं डास मारण्यात गेली. मग वास आला. आधी पुसट, पुढे वारा पडला तसा दाट, अंगावर पांघरूण घातल्यासारखा. नाकासमोरच्या कळीची बाहेरची पाकळी सुटली होती. थोड्या वेळाने पाहिलं तर दुसरीही. पाच वाजता वहीत मांडलेलीच कळी ही. झाड लावून आठ वर्षं झाली होती.

पलीकडे काठी वाजली. खुर्ची करकरली. मास्तर बसले आणि बसूनच राहिले. शेवटी नानांना राहवेना.

"मास्तर, आज चढत नाही का?"

"कोण, नाना? अहो, या गुडघ्यांनी खुर्चीत बसतो हेच पुष्कळ. चढू कुठे?"

"मग इथे, भिंतीशी?"

"तुमच्या मोगऱ्याला येतो हो. जेवण झालं की तासभर. गेली तीन वर्षं हाच नेम. पण तुम्ही आज इकडे कसे? कधी दिसला नाहीत."

"मोजायला आलो होतो."

"अंधारात?"

नाना उठून घरात आले. घसा कोरडा पडला होता. माठावरचं झाकण काढून ओगराळं बुडवणार, तोच हात थांबला. तळाशी वाळ्याची जुडी होती, आणि वर चार मोगरे तरंगत होते, नुकते उमललेले.

"हे कधीपासून गं?"

"पाडव्याला माठ काढला तेव्हापासून," माई भाकरी थापता थापता म्हणाल्या. "दरवर्षीच घालते की. दिवेलागणीच्या आधी चार कळ्या खुडून आणते. का हो?"

नानांनी भांडं तोंडाला लावलं. एरवी ते एका दमात रिकामं होई. आज दोन घोट घेऊन थांबले, भांड्यात पाहिलं, पुन्हा एक घोट घेतला.

मग त्यांनी आणखी एक भांडं भरलं आणि ते न सांडता, बेताने, परसाकडे निघाले.

"मास्तर, आहात ना अजून?"