जुन्या गाडीचा मान

‘जुनें तें सोनें’ ही म्हण सर्व महाराष्ट्रभर चालते. आमच्या जालन्यांत मात्र जुनें तें लोखंड. येथील पोलाद-कारखान्यांच्या भट्ट्यांकडे जाणारे भंगाराचे ट्रक आम्ही नवीन जालन्यांतील रहिवासी नित्य पाहतों. त्यांत मोडकीं दारें, गंजलेले सायलेन्सर, पत्र्याचे चेपलेले डबे असें वाटेल तें असतें, आणि कांहीं दिवसांनीं तेंच सळयांचें रूप घेऊन कोणाच्या तरी घराच्या स्लॅबांत जाऊन बसतें. अशा गांवीं एखाद्या जुन्या वाहनाचें भंगार न होतां भूषण व्हावें, हें खरोखर कौतुकाचेंच म्हटलें पाहिजे. निदान आम्ही तसें म्हणत होतों.

आमच्या महाविद्यालयांत चार-पांच वर्षांपासून एक प्रघात पडला आहे. खंडेनवमीच्या दिवशीं प्राध्यापकमंडळी आपापलीं जुनीं वाहनें पुढील पटांगणांत ओळीनें उभीं करतात, त्यांस झेंडूच्या माळा घालतात, आणि दुपारपर्यंत त्यांच्याभोंवतीं उभे राहून एकमेकांस त्यांचे गुण सांगतात. रसायनशास्त्राच्या आमच्या एका स्नेह्यांजवळ प्रीमियर पद्मिनी मोटार आहे. कुर्ल्याच्या कारखान्यांत तयार झालेल्या या गाडीचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावरच असतो, हें ते दरवर्षीं विद्यार्थ्यांस नव्या उत्साहानें दाखवितात. एका तरुण सहकाऱ्याची म्हैसूरची येझदी मोटारसायकल आहे. जिनें किक मारावयाची तोच दांडा पुढें वळवून गिअर टाकावयाचे, ही तिची खुबी. असें दुहेरी काम करणारा मनुष्य महाविद्यालयांत मिळता तर वेळापत्रक किती सोपें झालें असतें, असा त्यांचा नेहमींचा विनोद आहे.

या मिरवणुकींत आम्हीही असतों. आमच्याजवळ वडिलांची बजाज चेतक आहे, १९८१ सालची. त्याच वर्षीं १ मे रोजीं जालना स्वतंत्र जिल्हा झाला, म्हणून ‘जिल्हा आणि स्कूटर बरोबरच आलीं’ असें वडील म्हणत. ते शाळामास्तर; आगाऊ पैसे भरून त्यांनीं कित्येक वर्षें तिची वाट पाहिली होती. त्या काळीं चेतकसाठीं असें ताटकळणें हा मध्यम वर्गाचा एक संस्कारच होऊन बसला होता. हा सर्व इतिहास आम्ही पटांगणांत किती वेळां सांगितला असेल, याची गणती आमच्या सहकाऱ्यांसच ठाऊक.

दोन वर्षांपूर्वीं ओळ लावतांना कडेला एक चेतक अगोदरच उभी दिसली. वयानें आमच्या गाडीच्याच बरोबरीची; परंतु एक बाजू हिरवी, दुसरी निळी, आणि फाटक्या सीटवर प्लॅस्टिकची पिशवी ताणून बांधलेली. ती महाविद्यालयाच्या शिपायांची. त्यांस सर्वजण मामा म्हणतात. बदनापुराकडील एका खेड्यांतून ते रोज तिच्यावर येतात, आणि येतांना वाटेंतील दोन मुलींस शाळेपर्यंत सोडतात. त्यांनींही गाडी धुवून तिला माळ घातली होती. पाहुणे यावयाचे होते, छायाचित्रें निघावयाचीं होतीं. आम्ही म्हणालों, “मामा, ही जरा मागें लावतां का? ओळींत बरी दिसत नाहीं.” मामांनीं एक शब्दही न बोलतां ती मागें नेली.

त्या दिवशीं आम्हांस यांत कांहीं विशेष घडलें असें वाटलेंच नाहीं. वाटलें तें दोन महिन्यांनीं, मिस्त्र्याच्या टपरींत. बजाजनें ही जुनी चेतक करणें केव्हांच सोडलें. २०२० पासून तें नांव विजेच्या गाडीस मिळालें आहे, त्यामुळें सुटे भाग बहुधा भंगारांतूनच शोधावे लागतात. मिस्त्री हात पुशीत सहज म्हणाला, “सर, तुमच्या गाडीचं इंजिन मीच भंगारातून आणून बसवलेलं. कार्ब्युरेटर बी दुसऱ्या गाडीचा. मामांच्या गाडीला मात्र अजून कंपनीचंच इंजिन हाय. मामा तेल कधी चुकू देत नाहीत.”

मग पटांगणांत आम्हीं मिरविलें तें काय? ‘जशीच्या तशी जपली’ हें आमचें विधान खोटें होतें, आणि ज्या गाडीविषयीं तें खरें होतें ती आम्हीं मागें लावावयास सांगितली होती. तिचें जुनेपण आमच्याइतकेंच. जपणूक आमच्याहून अधिक. उणें एवढेंच, कीं मामांस दुसरी गाडी घेणें शक्य नव्हतें. आमच्या घरीं नवी मोटार उभी असल्यामुळें आमची स्कूटर ‘वारसा’ झाली, आणि त्यांच्या घरीं दुसरें कांहींच उभें नसल्यामुळें त्यांची स्कूटर ‘खटारा’. वस्तूच्या जुनेपणास मान मिळतो असें आपण समजतों. वास्तविक मान मिळतो तो जुनें न वापरतांही चालेल अशा मालकाच्या ऐपतीस.

आमचा हा दोष आमच्यापुरताच असता तर तो लिहून वाचकांचा वेळ घेतला नसता. परंतु जगाची रीतही हीच दिसते. पद्मिनीचेंच पाहा. मुंबईंत टॅक्सीस २० वर्षांची वयोमर्यादा आहे. त्या नियमानें २००३ सालच्या ऑक्टोबरांत नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली. धूर, ब्रेक, उतारूंची सुरक्षितता, हीं कारणें रास्तच होतीं. तथापि जिनें एखाद्या कुटुंबास वीस वर्षें अन्न दिलें ती मोडींत निघाली, आणि तीच गाडी शौकिनाच्या दारीं असती तर तिच्याशेजारीं उभें राहून लोकांनीं फोटो काढले असते. केंद्र सरकारच्या २०२१ सालच्या नियमांप्रमाणें, पहिल्या नोंदणीस ५० वर्षें झालेल्या आणि मूळ रूपांत राहिलेल्या गाडीस ‘व्हिंटेज’ म्हणून निराळा क्रमांक मिळतो. अट अशी, कीं नित्याच्या वापरास किंवा भाड्यास ती रस्त्यावर आणावयाची नाहीं. म्हणजे काम सोडावें तेव्हां मान मिळावा! अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ थोर्स्टीन व्हेब्लेन यानें निरुद्योगी धनिक वर्गावरील आपल्या १८९९ सालच्या ग्रंथांत हातानें घडविलेल्या रुप्याच्या चमच्याचें उदाहरण घेतलें आहे. यंत्राच्या चमच्याहून तो अधिक उपयोगी नसतो. तरी आपणांस तो सुंदर वाटतो, आणि त्या सौंदर्यांत त्याच्या किंमतीचा वाटा केवढा, हें आपल्या लक्षांत येत नाहीं. पूर्वीं हें वाचतांना आम्हांस तो लेखक अंमळ कडवट वाटला होता.

येथें कोणी म्हणेल, कीं मग जुन्या गाड्या सर्वच भट्टींत घालाव्या काय? मुळींच नाहीं. आमचे रसायनशास्त्राचे स्नेही रविवारीं तासन् तास पद्मिनीखालीं आडवे असतात. त्यांच्या प्रेमाविषयीं आमच्या मनांत शंका नाहीं. वडिलांच्या हाताचा घाम ज्या मुठींस लागला त्या मुठींवर हात ठेवतांना आम्हांस आजही जें वाटतें, तें ढोंग नव्हे. पुढच्या पिढीस पाहावयास एखादा नमुना कोणीतरी ठेवलाच पाहिजे. आमचें भांडण जपण्याशीं नसून मिरविण्याशीं आहे. आपल्याकडे देवाचीही मिरवणूक निघते. पण तींत देव पालखींत असतो आणि माणसें खांद्यावर भार घेऊन खालीं चालतात. आमच्या ओळींत गाडी खालीं होती आणि माणूस तिच्यावर चढून बसला होता.

शिवाय दिवस निवडला तो तरी कोणता? खंडेनवमीस सुतार वाकस पुजतो, शेतकरी नांगर. पोळ्यास बैलाच्या शिंगांस रंग लागतो तो त्यानें वर्षभर मान मोडून काम केलें म्हणून. बसून खाणाऱ्या बैलाचा पोळा मराठवाड्यांत तरी आम्हीं पाहिलेला नाहीं. त्या हिशेबानें आमच्या पटांगणांत त्या दिवशीं पूजेचा अधिकार असलेली गाडी एकच होती, आणि ती मागच्या बाजूस लिंबाखालीं उभी होती.

गेल्या खंडेनवमीस आम्हीं मुद्दाम लौकर जाऊन मामांस गांठलें. मागील वर्षींच्या बोलण्याबद्दल क्षमा मागण्याचें ठरवून गेलों होतों, प्रत्यक्षांत तोंडांतून एवढेंच निघालें, “मामा, आज तुमची गाडी पुढें लावा, माझ्या गाडीच्या जागीं.” मामांनीं आमच्याकडे पाहिलें, मग पटांगणाकडे पाहिलें. “राहू द्या सर,” ते म्हणाले, “तिथं सीटला ऊन लागतं. लिंबाखालीच बरी हाय.”